बेल्टची सायकल बांधताना

तयार मिळणाऱ्या विद्युत सायकलींमध्ये मोटर बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे आसाभोवतीच्या मधल्या भागात, बसवलेली असते, आणि साध्या सायकलीला लावायचे जे सुटे संच मिळतात त्यांतही हब मोटरचाच भरणा अधिक असतो. ती रचना सुटसुटीत आहे आणि गुळगुळीत रस्त्यासाठी तिला नाव ठेवण्यासारखे फारसे काही नाही. माझा मुंबईतला रोजचा रस्ता मात्र भांडुपहून लालबहादूर शास्त्री मार्गाने गांधीनगरपर्यंत आणि तेथून जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याने पवई ओलांडून सीप्झपर्यंत जातो. मेट्रो-६ च्या कामामुळे या रस्त्याचा पृष्ठभाग महिन्या-महिन्याला बदलत राहिला आहे. खड्ड्यात चाक आदळले की हबमधल्या मोटरचे वजन थेट स्पोकांवर येते. शिवाय मागचे चाक पंक्चर झाले तर मोटरची वायर सोडवण्यापासून सगळे उद्योग रस्त्याच्या कडेला उभे राहून करावे लागतात. म्हणून मोटर चाकात न ठेवता फ्रेमवर ठेवायची आणि तिची गती दातेरी बेल्टने उतरवून चाकापर्यंत न्यायची, असे मी ठरवले.

सुटे भाग आणण्यापूर्वी नियम पाहून घेणे आवश्यक होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ (यू) नुसार पेडलला साहाय्य करणाऱ्या सायकलीच्या मोटरची तीस मिनिटांची क्षमता, म्हणजे तेवढा वेळ सलग देता येणारी शक्ती, ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असावी लागते. तिचा जोर हळूहळू कमी होत जाऊन ताशी २५ किलोमीटरला तो पूर्ण बंद व्हावा लागतो, आणि स्वाराने पेडल मारणे थांबवले तर त्याआधीही. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक आणि योग्य ब्रेक, या बाकीच्या अटी आहेत. या सर्वांची पडताळणी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांनी करायची असते. घरात बांधलेल्या एका सायकलीसाठी ती प्रक्रिया माझ्या आवाक्यातली नव्हती. तेव्हा सायकल स्वतःपुरती ठेवायची, कोणाला विकायची नाही आणि मर्यादा मात्र काटेकोर पाळायच्या, एवढे मी पक्के केले. समाजमाध्यमांवर हजार वॅटच्या मोटरी लावून साठच्या वेगाने सायकली पळवणारे तरुण दिसतात. सायकलीचे ब्रेक आणि सायकलीचे टायर घेऊन तो वेग गाठणे मला शौर्याचे वाटत नाही.

मोटर निवडताना मी नवलाई टाळली. एमवाय १०१६ या नावाने ओळखली जाणारी, कार्बन ब्रश असलेली, २४ व्होल्ट आणि २५० वॅटची मोटर आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की लॅमिंग्टन रोडवर ती मागितली तर दुकानदार मान वर न करताच आत हात घालतो. तिच्या पट्टीवर मिनिटाला २६५० फेरे असे छापलेले असते आणि वजन सुमारे दोन किलो भरते. माझ्या २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर आहे, त्यामुळे ताशी २५ किलोमीटरला ते मिनिटाला सुमारे २०१ फेरे घेते. म्हणजे मोटरचा वेग तेरा पटींहून थोडा अधिक उतरवणे आले. पुढचे सगळे बांधकाम याच आकड्याभोवती फिरले.

तेरा पट एकाच बेल्टने उतरवता येईल का, हा पहिला विचार होता. बेल्टच्या दोन दात्यांमधले अंतर ५ मिलिमीटर धरले आणि मोटरवर १८ दात्यांची पुली लावली, तर चाकावर २४० दात्यांची पुली हवी, आणि तिचा व्यास ३८२ मिलिमीटर होतो. एवढी पुली मागच्या दोन नळ्यांमध्ये मावणे अशक्य. म्हणून काम दोन टप्प्यांत विभागले: मोटरपासून मधल्या एका शाफ्टपर्यंत १८ आणि ६० दात्यांच्या पुल्यांवर बेल्ट, आणि त्या शाफ्टपासून चाकापर्यंत ११ आणि ४४ दात्यांवर सायकलीची साधी चेन. पहिला टप्पा ३.३३ पट, दुसरा ४ पट, दोन्ही मिळून १३.३३. या हिशेबाने मोटर २६५० फेऱ्यांवर असताना सायकल ताशी पावणेपंचवीस किलोमीटर वेगाने जाते.

बेल्ट पहिल्याच टप्प्यावर का, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ जण उलटे करतात. मोटरच्या शाफ्टवर फेरे जास्त असतात आणि ओढ कमी असते. पूर्ण जोर लावलेला असतानाही मोटर जेमतेम ०.८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, आणि १८ दात्यांच्या पुलीवर त्याची ओढ होते सुमारे ५६ न्यूटन, म्हणजे पाच-सहा किलो तांदळाच्या पिशवीएवढी. १५ मिलिमीटर रुंदीच्या बेल्टला हे काहीच नाही. याउलट याच वेगाला तिथे चेन लावली तर ११ दात्यांचे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चाक, सेकंदाला जवळजवळ पाचशे वेळा कड्यांवर आपटते. या मोटरच्या मूळ चेनवर चालणाऱ्या सायकली लांबूनच ओळखू येतात त्या या आवाजामुळे. चाकाजवळ फेरे कमी आणि ओढ जास्त असते. तिथे चेन शांतही चालते आणि तिची ताकदही कामी येते.

बेल्ट आणि पुल्या नागदेवी स्ट्रीटवर घेतल्या. मशीद स्थानकातून उतरून हातगाड्यांच्या मधून वाट काढत गेले की बेअरिंग, बेल्ट, होज आणि नट-बोल्ट यांची दुकाने एकाला एक लागून आहेत. दुकाने रुंदीला दोन हात आणि खोलीला मात्र अंत नसलेली. तिथे ‘सायकलसाठी बेल्ट हवा’ असे सांगण्यात अर्थ नसतो. ‘साइज बोला’ एवढाच प्रश्न येतो. माझ्या बेल्टवर ‘४५०-५एम-१५’ असे छापलेले आहे: घेर ४५० मिलिमीटर, दात्यांमधले अंतर ५, रुंदी १५. दाते एचटीडी पद्धतीचे, म्हणजे गोलसर. जुन्या पद्धतीच्या चौकोनी, कडा असलेल्या दात्यांच्या मुळाशी ताण एकवटतो, तो या गोलाईत पसरतो. बेल्टचे अंग निओप्रीनचे असते आणि आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. काउंटरवरच्या मुलाने सवयीप्रमाणे बेल्ट मुठीत चुरगळून पुडीत कोंबायला घेतला, तेव्हा मी त्याला थांबवले. काचतंतू तीव्र कोनात दुमडले की आतल्या आत तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

४५० चा घेर ठरवण्यामागे साधा हिशेब आहे. ६० दात्यांच्या पुलीचा व्यास ९५.५ आणि १८ दात्यांच्या पुलीचा २८.६ मिलिमीटर येतो. दोन्ही शाफ्टच्या मध्यांमधले अंतर १२३ मिलिमीटर ठेवले की ४५० चा बेल्ट नेमका बसतो. त्या अंतरावर लहान पुलीचे सात दाते पूर्णपणे बेल्टमध्ये गुंतलेले राहतात. सहापेक्षा कमी दाते गुंतले तर बेल्टची क्षमता कमी धरावी, असा या धंद्यातला नियम आहे, त्यामुळे सातावर समाधान मानण्यासारखे होते.

फ्रेमसाठी नवी अॅल्युमिनियमची सायकल न घेता जुनी स्टीलची, मागच्या आसाला १३५ मिलिमीटर जागा असलेली फ्रेम शोधली. अॅल्युमिनियमवर वेल्डिंग केले की जोडाजवळची ताकद उतरते आणि ती परत आणायला भट्टीत उष्णता-प्रक्रिया करावी लागते. स्टीलला कोणताही चांगला वेल्डर चार ठिकाणी कान जोडून देतो. मागच्या चाकात डिस्क ब्रेकचा हब बसवला, पण डिस्क लावली नाही. डिस्कसाठी हबवर ४४ मिलिमीटर वर्तुळावर सहा भोके असतात. तिथेच एक जोडचकती बसवून ४४ दात्यांचे चाक डाव्या बाजूला बोल्टने कसले. या दातेरी चाकाचा व्यास सुमारे १७८ मिलिमीटर भरतो, म्हणजे जवळजवळ १८० च्या डिस्कएवढा, आणि डिस्कला लागणाऱ्या कॅलिपरची, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याची, जागा मोकळी राहते. मागचा ब्रेक रिमवरचा ठेवला. चेनची खालची बाजू फ्रेमच्या खालच्या नळीला घासू नये म्हणून तिला प्लॅस्टिकच्या रोलरने वर उचलावे लागले. ओढ वरच्या बाजूला असते, खालची सैल असते, त्यामुळे रोलर लावायला हरकत नव्हती.

खरे नाजूक काम मधल्या शाफ्टचे होते. मोटर बंद ठेवून नुसते पेडल मारताना तिलाही फुकट फिरवत बसावे लागू नये, यासाठी वाटेत कुठेतरी एकाच दिशेने पकडणारी यंत्रणा हवी. सायकलीचे नेहमीचे फ्रीव्हील उजव्या बाजूसाठी बनवलेले असते आणि डाव्या बाजूला लावल्यास उलट्या दिशेने पकडते. त्यामुळे मी सीएसके-१७ हे एकदिशा बेअरिंग मोठ्या पुलीच्या पोटातच बसवायचे ठरवले. त्याचे आतले भोक १७, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२ मिलिमीटर असते. ६२०३ बेअरिंगची मापेही हीच. पुली एकट्या त्याच्यावर डुलू नये म्हणून शेजारी ६८०३ हे पातळ बेअरिंग घेतले, ज्याची मापे १७, २६ आणि ५ आहेत. म्हणजे पुलीला पायरीचे भोक हवे: तोंडाशी ४० चे, आत २६ चे.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर काम करणाऱ्या काकांकडे हा जॉब दिला. त्यांनी चित्र पाहिले, पुली हातात घेऊन वजन केल्यासारखी दोनदा वरखाली केली आणि विचारले, “ताई, ही दोन्ही बोअर एकाच सेटिंगमध्ये पाहिजेत ना? जॉब पलटला की सेंटर गेलं समजा.” मला हेच सांगायचे होते. मग त्यांनी बाहेरच्या दात्यांवर तांब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या ठेवून पुली चकमध्ये धरली, केंद्र तपासायचा डायल गेज टेकवला, हाताने चक सावकाश फिरवत जबडे अर्धा-अर्धा आटा सैल-घट्ट करत राहिले आणि काटा दोन शतांश मिलिमीटरच्या आत थरथरू लागल्यावरच यंत्र सुरू केले. ४० चे भोक शेवटच्या काही कापांत ते नुसत्या व्हर्निअरवर न मोजता प्रत्यक्ष बेअरिंगची कड टेकवून पाहत होते. भोक फार घट्ट झाले तर बेअरिंगची बाहेरची रिंग आवळली जाते आणि मोकळ्या दिशेलाही ते अडकत फिरते. सैल झाले तर रिंगच पुलीत घसरते. बेअरिंग शेवटी लाकडी ठोकळ्यावर हातोडीच्या हलक्या टोल्यांनी बसले. एका दिशेला पुली बोटाने फिरत होती आणि दुसऱ्या दिशेला शाफ्टला घट्ट धरत होती. काकांनी ती माझ्याकडे देताना दोनदा ‘कट्’ करून दाखवली. त्यांनाही हा प्रकार आवडला असावा.

मोटर आणि मधला शाफ्ट धरणारी प्लेट आधी मुद्दाम एकेरी, ६ मिलिमीटर अॅल्युमिनियमची केली होती. जागा ठरेपर्यंत जाड पोलाद कापत बसण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. शाफ्ट दोन ६००३ बेअरिंगांवर, पण दोन्ही बेअरिंगे प्लेटच्या एकाच बाजूच्या घरात. त्यापुढे शाफ्ट चार सेंटिमीटर बाहेर आलेला आणि त्याच्या टोकाला चेनचे ११ दात्यांचे स्प्रॉकेट. स्टँडवर चाक मोकळे फिरवले तेव्हा बेल्ट अगदी सरळ, मध्यावर चालला. रस्त्यावर थोडे अंतर जाऊन आल्यावर मात्र मोटरच्या पुलीच्या बाहेरच्या कठड्यापाशी काळी बारीक भुकटी साचलेली दिसली आणि बेल्टची ती कड मऊ, चकचकीत झाली होती.

बेल्ट एका बाजूला सरकत असेल तर दोन शाफ्ट समांतर नाहीत, हे उघड असते. परंतु मी मापले तेव्हा ते समांतर होते. साकीनाक्याच्या काकांनी सायकल स्टँडवर घेऊन मागचा ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि स्वतः मोटरची पुली हाताने पान्यावर पिळली. “बेल्ट बदलून काय होणार आहे? प्लेटच हलतेय बघा.” मी पट्टी टेकवून पाहिले. जोर आला की मधल्या शाफ्टचे स्प्रॉकेटकडचे टोक चाकाच्या दिशेने स्पष्ट खेचले जात होते आणि जोर काढला की जागेवर येत होते. कारण बेल्ट नव्हताच. चाकाजवळचा टॉर्क जवळजवळ ११ न्यूटन-मीटर असतो, त्यामुळे चेनची ओढ सुमारे १२० न्यूटन होते, म्हणजे बेल्टच्या दुप्पट; सुरुवातीच्या झटक्यात त्याहूनही अधिक. ती ओढ चार सेंटिमीटर बाहेर आलेल्या टोकावर लागत होती आणि प्लेटला पीळ देत होती. चेनला स्वतःला या तिरकेपणाचे काही वाटत नाही, ती अर्धा सूत इकडेतिकडे सहज खपवून घेते. बेल्ट खपवून घेत नाही, म्हणून चेनने केलेला बिघाड बेल्टवर दिसत होता.

दुसरी प्लेट शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला लावली. दोन्ही प्लेटा ५ मिलिमीटर पोलादाच्या, मध्ये चार नळकांडी ठेवून बोल्टने आवळलेल्या, आणि शाफ्टची दोन बेअरिंगे आता दोन वेगवेगळ्या प्लेटांत. स्प्रॉकेट आणि मोठी पुली या पेटीच्या आत आली. नळकांडी लेथवर एकदमच कापून घेतली, कारण चारांपैकी एकही केसभर लांब-आखूड असले तर प्लेटा समांतर राहत नाहीत आणि पुन्हा मूळपदावर यावे लागते. पेटी फ्रेमला तीन ठिकाणी बांधली: दोन कान सीटखालच्या उभ्या नळीवर आणि एक मागच्या खालच्या नळीवर. वजन अंदाजे सहाशे ग्रॅमने वाढले. ब्रेक दाबून पुली पिळण्याची परीक्षा पुन्हा केली, तेव्हा पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली नाही. तीच जुनी, कड घासलेली बेल्ट मुद्दाम परत चढवली आणि ती मध्यावर चालू लागली. तिच्यावर बरेच अंतर काढून झाल्यानंतरच नवी लावली.

ताण देण्यासाठी मोटर लांबट खाचांमध्ये सरकते आणि मागून एक बोल्ट तिला ढकलतो. वेगळा ताण-रोलर लावला नाही, कारण बेल्टला पाठीकडून वाकवणारा प्रत्येक रोलर त्याचे आयुष्य खातो. ताणाचा प्रचलित नियम असा आहे की मोकळ्या लांबीच्या चौसष्टाव्या भागाएवढी लवण हलक्या दाबाने यावी. माझी मोकळी लांबी ११८ मिलिमीटर, म्हणजे लवण दोन मिलिमीटरहून किंचित कमी. अंगठ्याच्या दाबावर दोन मिलिमीटर ओळखणे प्रत्येक वेळी सारखे जमत नाही. त्यामुळे एकदा नीट बसवल्यावर बेल्ट तारेसारखा छेडून मोबाइलवरच्या सूर जुळवण्याच्या ॲपमध्ये त्याची कंपने पाहिली. ती साधारण १३० हर्ट्झ आली. या आकड्याला स्वतंत्र महत्त्व नाही, दुसऱ्याच्या सायकलीवर तो वेगळा येईल. पण पुढच्या प्रत्येक तपासणीत त्याच आकड्याशी ताडून पाहता येते. जास्त ताणाचा मोह टाळावा. मोटरच्या पुढच्या लहान बेअरिंगवर सतत भार येतो आणि काही दिवसांत बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू होतो.

विजेचा भाग तुलनेने सरळ होता. पेडलच्या आसावर बारा चुंबकांची चकती आणि ते चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, ब्रेकच्या दोन्ही मुठींत स्विच, आणि मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरचा प्रवाह १२ अँपिअरवर मर्यादित केलेला. २४ व्होल्टला हे २८८ वॅट होतात, आणि मोटरची कार्यक्षमता ७८ टक्क्यांच्या आसपास धरली तर शाफ्टवर सुमारे २२५ वॅट मिळतात, म्हणजे नियमातल्या मर्यादेच्या आत. पिळून वेग वाढवायची थ्रॉटलची मूठ लावलीच नाही. तिच्या जागी आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड बसवला, जो पेडलचे सेन्सर वाचून कंट्रोलरला थ्रॉटलसारखा व्होल्टेज देतो. वेग मोजण्यासाठी चुंबक चाकावर न लावता मधल्या शाफ्टवर लावला. एकदिशा बेअरिंग पुलीत असल्यामुळे तो शाफ्ट चेनने चाकाला कायम बांधलेला असतो आणि चाकाच्या एका फेऱ्यात चार फेरे घेतो, म्हणून वेगाचे वाचन चौपट लवकर मिळते. ताशी २२ किलोमीटरपासून जोर उतरू लागतो आणि २५ ला शून्य होतो. पेडलचा ठोका पाव सेकंद आला नाही तरीही शून्य. सर्व वायरी पेटीत खालच्या बाजूने शिरतात आणि शिरण्यापूर्वी एक वळसा खाली जातात, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता वळशावरून टपकते.

बॅटरीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घेतले. ते वजनाने जड पडतात, पण उष्णता अधिक सोसतात, आणि मुंबईच्या मे महिन्यात बंद पेटीत ठेवायच्या वस्तूसाठी हा गुण मला महत्त्वाचा वाटला. ३२७०० आकाराचे, ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तासांचे सोळा सेल, आठ ओळीत (सिरीज) आणि दोन जोडीत (पॅरलल), म्हणजे २५.६ व्होल्ट आणि सुमारे ३०७ वॅट-तास. निकेलच्या पट्ट्यांचे स्पॉट वेल्डिंग मी घरी केले नाही. ते ज्याच्याकडे यंत्र आणि हात दोन्ही आहेत त्याच्याकडूनच करून घ्यावे. पॅक हाती आल्यावर आठही जोड्यांचे व्होल्टेज मात्र स्वतः मोजून लिहून ठेवले. बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांवर २० अँपिअरचा फ्यूज आहे.

चार्जिंगचा प्रश्न सोसायटीच्या बैठकीत निघाला. सेक्रेटरींनी, जे निवृत्त अभियंता आहेत, मीटरच्या खोलीत किंवा जिन्याखाली चार्जर लावायला स्पष्ट नकार दिला, आणि तो मला योग्यच वाटला. बॅटरीची पेटी सायकलवरून काढता येते. ती घरी, फरशीवर, कोणीतरी जागे असतानाच लावली जाते आणि २९.२ व्होल्टला चार्जर स्वतः थांबतो. बैठकीनंतर सेक्रेटरींनी खाली येऊन सायकल पाहिली आणि मोटरबद्दल एक शब्दही न विचारता प्लेटांच्या मधली नळकांडी कशी कापली याची चौकशी केली.

गांधीनगरहून पवईकडे चढताना सायकल ताशी पंधरा-सोळाने जाते. पाय चालवावे लागतात, पण कार्यालयात पोहोचल्यावर सदरा बदलावा लागत नाही. चढावर कमी वेगाला मोटरची कार्यक्षमता उतरते आणि तिचे आवरण बऱ्यापैकी तापते. म्हणून चढाच्या तळाशी थांबून निघायची वेळ आली तर आधी दोन-चार पेडले पायानेच मारते आणि मग जोर घेते. जाऊन-येऊन निम्म्याहून थोडी अधिक बॅटरी खर्च होते. आवाज म्हणाल तर बेल्टचा मंद घुमारा रिक्षांच्या गर्दीत ऐकूच येत नाही. जो ऐकू येतो तो चेनच्या रोलरचा.

पावसाळ्यात बेल्टला तेल लागत नाही, गंज चढत नाही, हे त्याचे मोठेच सुख आहे. चेन मात्र दमट हवेत दोन दिवसांत तांबूस होते आणि तिला तेल द्यावेच लागते. हेच तेल बेल्टवर उडाले तर निओप्रीन फुगते, त्यामुळे पेटीच्या आत दोघांच्या मध्ये पातळ पॉलिकार्बोनेटचा पडदा बसवला आहे. दुसरा शत्रू मेट्रोच्या कामाची बारीक खडी. एखादा खडा दात्यांत अडकला तर बेल्ट पुलीवर क्षणभर उचलला जातो आणि आतल्या दोऱ्यांवर भलता ताण येतो. खालून बंद, मागून फटी असलेले झाकण लावले आहे. पाणी आत आले तर बाहेर पडावे, खडी येऊ नये. महिन्यातून एकदा झाकण काढून कोरडा ब्रश फिरवते, कंपने पाहते आणि दात्यांच्या मुळाशी तडे आहेत का ते उजेडात बेल्ट हलकेच वळवून तपासते.

चेनचा टप्पाही बेल्टवर न्यावा, असे ओळखीचे सायकलवाले सुचवतात, आणि मीही ते कागदावर मांडून पाहिले आहे. एवढ्या ओढीला ८एम बेल्ट हवा. त्याच्या लहान पुलीला किमान २२ दाते लागतात, आणि चार पट उतरवायचे तर चाकावर ८८ दात्यांची, २२४ मिलिमीटर व्यासाची पुली येते, जी फ्रेममध्ये मावत नाही. पहिल्याच टप्प्यात १४ आणि ७२ दात्यांवर अधिक वेग उतरवला तर चाकावरची पुली १४५ मिलिमीटरपर्यंत खाली येते आणि सुखाने मावते. पण मग १२३ मिलिमीटरच्या अंतरावर १४ दात्यांच्या पुलीचे फक्त पाच दाते गुंततात. सहा हवे असतील तर शाफ्ट २०० मिलिमीटरहून अधिक दूर न्यावे लागतील, आणि तेवढी जागा सीटच्या नळीमागे नाही. त्यामुळे चेन तूर्त आहे तिथेच ठेवली आहे. रोलरचा आवाज कमी करण्यासाठी नायलॉनऐवजी पॉलियुरेथेनचा रोलर साकीनाक्याला करायला टाकला आहे.